अल्ब्युमिन घसरलं म्हणजे पोषण घसरलं का?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी गोव्यातली अनेक कुटुंबं मुंबईत मुक्काम ठोकून असतात. अशा घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: "अल्ब्युमिन २.६ वर आलंय, अंड्यातलं पांढरं वाढवूया का?" रक्तातल्या या प्रथिनाचा आकडा साधारण ३.५ ते ५ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असावा लागतो. तो खाली गेला की रुग्ण उपाशी पडतोय, अशी समजूत पक्की झालेली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी खरी उपासमार नजरेतून सुटते.

अल्ब्युमिन यकृतात तयार होतं. एकदा रक्तात आलं की त्याचं अर्धायुष्य जवळपास २० दिवसांचं. म्हणजे यकृतानं उत्पादन पूर्ण थांबवलं तरी केवळ त्यामुळे आकडा निम्म्यावर यायला तीन आठवडे लागतील. मग तो दोन दिवसांत कसा कोसळतो? न जेवल्यानं तर नक्कीच नाही.

प्रत्यारोपणाआधीची तीव्र केमोथेरपी मज्जेबरोबर तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तरही सोलून काढते. जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. ऊतींमधल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू सोडतात. तो यकृतपेशीवरच्या ग्राहीला चिकटला की आत स्टॅट-३ हे प्रथिन जागं होऊन केंद्रकात शिरतं. तिथं सीआरपी या दाहात वाढणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोरात वाचलं जाऊ लागतं, अल्ब्युमिनचं मंदावतं. त्याच वेळी केशवाहिन्या झिरपू लागतात. निरोगी माणसातही दर तासाला रक्तातलं सुमारे ५ टक्के अल्ब्युमिन बाहेर पडतं आणि लसीकावाहिन्यांतून परत येतं. गंभीर संसर्गात हे बाहेर पडणं कित्येक पटींनी वाढतं. खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधाला भगदाड पडावं तसं ते होतं. अल्ब्युमिन शरीरातच असतं, पण रक्तात नसतं. त्यात सलाईननं रक्त पातळ होतं, ते वेगळंच.

म्हणून अल्ब्युमिन सीआरपीच्या शेजारी ठेवूनच वाचावं. सीआरपी चढलेलं असेल तर अल्ब्युमिनचा आकडा दाहाबद्दल सांगतोय, जेवणाबद्दल नाही. उलट, अ‍ॅनोरेक्सिया या जेवण टाळायला लावणाऱ्या आजारानं हाडांचा सापळा झालेल्या व्यक्तीत अल्ब्युमिन बरेचदा सामान्य सापडतं. अंडी जरूर द्या, पूर्ण उकडलेली. प्रथिनं लागतातच, दर किलो वजनामागे दिवसाला दीड ग्रॅमपर्यंत. फक्त त्यांनी आठवड्यात अल्ब्युमिन चढेल ही अपेक्षा नको.

वजनही असंच फसवं. पावलांवर सूज असताना काटा वाढतो आणि घरचे म्हणतात, अंग भरलं. पुढे दात्याच्या पेशी रुग्णावर उलटल्या आणि स्टेरॉइड सुरू झालं की चेहरा गोल होतो, मांडीचा स्नायू मात्र वितळत असतो.

मग पाहायचं काय? उपचारांआधीच्या सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरलं का. कानशिलं, खांदे, मांड्या खोलगट झाल्यात का. हाताच्या पकडीचं बळ डायनामोमीटरवर किती. सीटी स्कॅन झालेलाच असेल तर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूचं क्षेत्रफळ मोजता येतं. आणि सगळ्यात स्वस्त, तरीही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: खाल्लेल्याची वही. पेजेचे किती डवले पोटात गेले, किती उलटून पडले, हे आहारतज्ज्ञाला रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

प्लेटलेट वाढवतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पपईच्या पानांचा कच्चा रस मात्र कृपा करून देऊ नका. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असताना न उकळलेला पाला म्हणजे जंतूंना दिलेलं आवताण. ज्यानं तो पाठवला त्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

ही तपासणी भरती होण्याआधीच करून घ्यावी. तोंड सोलवटल्यावर आणि प्लेटलेट घसरल्यावर नाकातून नळी घालणं अवघड आणि जोखमीचं होतं. आतडं चालू असेल तर शिरेतून देण्यापेक्षा नळीतून दिलेलं अन्न बरं. रुग्ण आधीच किती खंगलाय हे ठाऊक असेल तर नळीचा निर्णय वेळेत घेता येतो.