डोक्यात दोन खेळ मावतात, पण पायांचं काय?

आयर्लंडमध्ये दोन देशी खेळ भयंकर लोकप्रिय आहेत, हर्लिंग (काठीने बॉल मारायचा) आणि गेलिक फुटबॉल (मोठा बॉल हातापायांनी खेळायचा). दोन्हीत टीमला 15 खेळाडू, मैदान तेच, गोलपोस्टही त्याच, पण खेळणं मात्र एकदम वेगळं. जो दोन्ही खेळतो त्याला तिथे ड्युअल प्लेयर म्हणतात. अशा लोकांमध्ये टेडी मॅकार्थी हे नाव सगळ्यात वर, कारण 1990 मध्ये या माणसाने कॉर्क काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) 2 सप्टेंबरला हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल जिंकली आणि बरोबर 14 दिवसांनी फुटबॉलची पण. एकाच वर्षात दोन्ही सीनियर फायनल खेळून जिंकणारा पुरुष खेळाडू आजपर्यंत तो एकटाच. 2023 मध्ये तो गेला. आणि हो, हे सगळं पगाराशिवाय, तिथले मोठे प्लेयरसुद्धा नोकरीधंदा सांभाळून खेळतात.

आता आपल्याला वाटतं की अवघड काय असेल तर दोन वेगळी स्किल्स डोक्यात ठेवणं. हर्लिंगचा बॉल, त्याला स्लिटर म्हणतात, साधारण आपल्या क्रिकेट बॉलएवढाच पण वजनाला हलका, 110 ते 120 ग्रॅम, आत परंपरेने कॉर्क म्हणजे बूच आणि वरून चामडं (काउंटीचं नावही कॉर्क, तो निव्वळ योगायोग). फुटबॉल त्याच्या चौपट जड, 480 ते 500 ग्रॅम. हर्लिंगच्या काठीचं आयरिश नाव तर ऐकायला आपल्या ‘कमान’सारखंच आहे आणि काठी खालून वाकडीच असते. ती परंपरेने ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याच्या, मुळांजवळच्या भागातून काढतात, तिथे लाकडाचे तंतूच वळलेले असतात म्हणून फटका बसला तरी पटकन तुटत नाही.

चांगला फटका ताशी 150 किमीच्या आसपास जातो, म्हणजे 20 मीटरवर उभ्या माणसाकडे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात काठी कुठे आहे बघत बसायला वेळच नसतो, ती हाताचाच भाग व्हावी लागते, आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही बरं का. 1996 मध्ये जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं, तेव्हा दिसलं की ज्या न्यूरॉन्सना आधी फक्त हाताजवळची जागा ‘आपली’ वाटायची त्यांना आता दाताळ्याच्या टोकापर्यंतची जागा आपली वाटायला लागली. काठी खाली ठेवून फुटबॉल उचलला की मेंदू नकाशा परत बदलतो, त्याला हे जमतं, आपण नाही का एकाच दिवशी स्कूटर पण चालवतो आणि कार पण. शिवाय उंच बॉल कुठे पडेल याचा अंदाज, उडीचं टायमिंग, मोकळी जागा हेरणं, हे दोन्हीकडे चालतं, आणि मॅकार्थीची उडी तर गाजलेलीच होती.

खरी अडचण मांडीच्या मागे आहे, हॅमस्ट्रिंगमध्ये. जोरात धावताना पाय पुढे जातो, गुडघा सरळ होतो आणि हा स्नायू ताणला जातो, पण नेमकं त्याच वेळी पायाला ब्रेक लावायचं कामही त्याच्याकडेच असतं, म्हणजे लांब होता होता जोर लावायचा. स्नायू फाटायला याच्यासारखी परिस्थिती नाही. फुटबॉलची किक मारताना पुन्हा तेच. 70 मिनिटांची मॅच झाली की स्नायूंमधलं साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे त्यांचं इंधन, भरायला एक-दोन दिवस जातात, बारीक इजा भरायला त्याहून जास्त, आणि एका टीमचा रिकव्हरीचा दिवस हा नेमका दुसऱ्या टीमच्या प्रॅक्टिसचा दिवस असतो. दोन कोच, दोन्ही म्हणणार आमच्याकडे ये.

बायकांमध्ये मात्र रीना बकली बघा. कॉर्ककडूनच फुटबॉलची 11 आणि कॅमोगी म्हणजे बायकांच्या हर्लिंगची 7, अशी 18 ऑल-आयर्लंड मेडल्स, 2012 मध्ये फुटबॉलची कॅप्टन म्हणून जिंकली आणि 2017 मध्ये कॅमोगीची. व्यवसायाने ती फिजिओथेरपिस्ट आहे! आता ते किती उपयोगी पडलं हे तिलाच माहीत, पण मला तरी हे वाचून हसू आलं.

पुरुषांमध्ये या लेव्हलला ड्युअल प्लेयर आता जवळपास दिसत नाहीत. सीझन आखूड केलाय, 2022 पासून दोन्ही फायनल जुलैमध्येच होतात. मॅकार्थीला मध्ये 14 दिवस मिळाले होते, आता मिळतात सात.