तूरडाळ चढली म्हणून कट्टे भरू नका

गणपती उठले की काउंटरवर एकच विचारणा सुरू होते: "शेठ, तूरडाळ अजून चढणार म्हणतात, दोन कट्टे बाजूला काढून ठेवता का?" थांबा म्हटलं तर पटत नाही, म्हणून हे पत्रक.

आपली तूर मृगात पेरली की डिसेंबर-जानेवारीत निघते. बार्शी-अक्कलकोटचा आणि सीमेपलीकडून कलबुर्गीचा माल तेव्हा येतो. ऑगस्टनंतर साठा आटतो, भाव ताणतो. नेमकी त्याच सुमारास आफ्रिकेतल्या मोझांबिक, मलावीची तूर निघते आणि जहाजाने येते. म्यानमारची 'लेमन' जातीची तूर येते उन्हाळ्याच्या तोंडाला. एकीकडे पाऊस चुकला तरी दुसरीकडचं पीक हाताशी राहतं. 2014 आणि 2015 सलग कोरडे गेले तेव्हा डाळ किलोला 200 रुपयांपर्यंत पोचली होती. म्हणूनच सरकारने 2016 मध्ये मोझांबिकशी, 2021 मध्ये म्यानमारशी (वर्षाला 1 लाख टन) आणि मलावीशी (50 हजार टन) तुरीचे करार केले.

आमचा वेळ खातं ते घाबरून केलेलं बुकिंग. अफवा उठली की एकच घर तीन दुकानांत कट्टे सांगून ठेवतं. आम्ही डाळमिलमधून चढ्या भावाने माल उचलतो. बाहेरचा माल उतरला, भाव नरमला, की फोन येतो, "राहू द्या." ज्या बाईंना दोनच किलो हवी होती, त्यांना मात्र आम्ही त्या आठवड्यात रिकाम्या हाती पाठवलेलं असतं. नेलेला कट्टा परतीच्या पावसात दमट होऊन कीड धरतो. तो परत घेत नाही, कारण त्याची कीड बाकीच्या मालात जाते.

"परदेशी डाळ का ठेवता?" असंही विचारतात. मंगळवेढ्याची ज्वारी आपण बाहेर पाठवतोच की! फक्त आम्ही दोन मुलखांची डाळ एकत्र करत नाही. तशी केली तर एकाच कुकरमध्ये अर्धी डाळ गळून जाते, अर्धी दाताखाली येते. कुठला माल ते प्रत्येक पिशवीवर लिहिलेलं असतं. आमटीला कलबुर्गीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. खानावळीला आफ्रिकेची परवडते.

वर्षाची डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये भरा, ऊन दाखवून ठेवा. आपल्या शेतकऱ्यालाही तेव्हाच गिऱ्हाईक हवं असतं. सप्टेंबर ते डिसेंबर पाच-पाच किलो न्या. पिशव्या वजन करून तयार असतात, भाव रोज सकाळी फळ्यावर लिहितो, आणि दहा किलोंच्या पुढे शहरात घरपोच देतो.