बडा दिन, नाताळ, ख्रिसमस : 'लाइटिंग बघायला' जाण्यामागची पार्श्वभूमी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी सातनंतर स्कूटींची एक ठरलेली फेरी दिसते. पुढे कानटोपी ओढलेला नवरा, मागे स्वेटरवर शाल गुंडाळलेली बायको. आधी छावणीतलं चर्च, मग जालना रोडनं थेट चिकलठाण्याचा मॉल आणि परतताना कॅनॉटला काहीतरी गरम. कुठं गेला होतात म्हटलं की उत्तर एकच : 'लाइटिंग बघायला.'

बघायला जाणं या शहराला नवं नाही. गणपतीचे देखावे आहेत, नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा आहे, १४ एप्रिलला भडकल गेट आहे. पण तिथं जायचं ते पोरंबाळं, सासू-सासरे सगळ्यांना घेऊन. नाताळात दोघंच निघतात, याचं कारण माझ्या मते साधं आहे. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरचा हा सण नाही. नैवेद्य नाही, पाहुणे नाहीत, त्यामुळे घरच्या बाईला सणाच्या संध्याकाळी पहिल्यांदाच हात मोकळे.

सण मात्र इथलाच, आणि जुना. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांसोबत तो छावणीत आला. जालन्याजवळ एका धर्मांतरित ब्राह्मण पाळकानं बेथेल नावाचं गावच वसवलं. (बेथेल म्हणजे 'देवाचं घर', बेथलेहेमशी त्याची गल्लत नेहमी होते.) पुढे १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ पडला आणि वैजापूर-गंगापूरकडच्या गावांतून ख्रिस्ती वस्त्या वाढल्या. तिथला नाताळ २५ तारखेच्या सकाळच्या उपासनेचा किंवा मध्यरात्रीच्या मिस्साचा, नव्या कपड्यांचा आणि फराळाचा. रोषणाई पाहायला परगावाहून कुणी यावं, असं त्यात काही नव्हतं.

खरा गुंता नावाचा आहे. 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला शब्द, मुळात लॅटिनमधला, अर्थ जन्माचा. गोवा-वसईकडून तो मराठीत रुळला. मराठवाड्यावर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. इथं निजामाच्या काळात सरकारी भाषा उर्दू, आणि छावणीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी ऐकला तो 'बडा दिन'. १९५६ मध्ये हा भाग हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. मराठी पाठ्यपुस्तकं, कॅलेंडरं आणि 'नाताळची सुट्टी' यांनी नंतर तो शब्द घरोघरी नेला.

'बडा'चा अर्थही वादाचा. कुणी म्हणतं मोठा, म्हणजे थोर दिवस. कुणी म्हणतं, या दिवसापासून दिवस मोठा होऊ लागतो म्हणून. दुसऱ्या अर्थात तथ्य आहे : ज्युलियस सीझरच्या पंचांगात सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबरचाच धरला जाई. आज तो २१-२२ डिसेंबरला येतो. आपल्याकडे तर दिवस तिळातिळानं वाढतो तो संक्रांतीपासून. एकाच सूर्यासाठी दोन सण आणि तीन तारखा. असं असताना 'नाताळ म्हणा, ख्रिसमस हे परकं' असा आग्रह धरणाऱ्यांची मला गंमत वाटते. परकेपणात दोन्ही शब्द भाऊ-भाऊ. इथला म्हणायचाच तर 'बडा दिन', आणि तोच आता ऐकू येईनासा झालाय.

दिव्यांची गोष्ट त्या मानानं सोपी. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनच्या एका सहकाऱ्यानं झाडावर लाल, पांढरे, निळे मिळून ८० विजेचे दिवे लावले. आपल्याकडे पोचली ती 'सीरीज'. एक बल्ब उडाला की अख्खी माळ अंधारात; मग स्टुलावर चढून एकेक बल्ब चिमटीत धरून हलवत बसायचं. वर २००५ नंतरची काही वर्षं भारनियमन. 'लाइट'च नाही, तर 'लाइटिंग' कशाची? ज्या दुकानापुढे जनरेटर धडधडत असेल, तिथंच काय तो झगमगाट. एलईडीच्या माळांनी वीज थोडी घेतली, स्वस्तही झाल्या, आणि एक दिवा गेला तरी बहुधा बाकीची माळ चालू राहू लागली.

२०१० मध्ये चिकलठाण्याला मॉल उघडला. तिथल्या झाडाला कापसाचा बर्फ आणि पायथ्याशी रिकामे रंगीत खोके. फोटोसाठी रांग लागते, ती चर्चच्या फाटकाशी लागते त्याहून लांब. छावणीत आवाज हळू होतो, चपला काढायच्या का असं बायको नवऱ्याला कुजबुजत विचारते. मॉलमध्ये असं काही विचारावं लागत नाही.

१ जानेवारीनंतर माळा उतरतात. पण मांडववाले त्या फार दिवस गुंडाळून ठेवत नाहीत. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं तो दिवस असतो, विद्यापीठाचं गेट सजवायचं असतं.