डास खालून चावतो: जाळीचा हॅमॉक निवडताना

जाळी शिवलेला हॅमॉक विकत घेतला की डासांचा प्रश्न मिटला, असा समज सह्याद्रीत आणि कोकणात मुक्कामाला जाणाऱ्या पुष्कळ जणांचा असतो. जाहिरातीतील छायाचित्रेही तेच सुचवतात: दोन झाडांमध्ये ताणलेला झुला, वर तंबूसारखी बारीक जाळी आणि आत निवांत झोपलेला माणूस. पण या चित्रात जाळी फक्त वरच्या बाजूला आहे. माणसाची पाठ, मांड्या आणि पोटऱ्या ज्या कापडावर टेकलेल्या आहेत, त्याच्या दुसऱ्या बाजूला मोकळी हवा आहे आणि त्या हवेत डास आहेत. जमिनीवर लावलेल्या तंबूत हा प्रश्न येत नाही, कारण तेथे पाठीखाली सतरंजी आणि जमीन असते. हॅमॉकमध्ये मात्र शरीराच्या वजनामुळे कापड त्वचेला घट्ट चिकटते आणि डासाला तेथे पोहोचण्यात कोणताच अडथळा राहत नाही. म्हणून हॅमॉक निवडताना वरच्या जाळीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, विचार खालच्या कापडाचा व्हायला हवा.

डास कापडातून चावतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मादी डासाची सोंड बाहेरून एकच नळी दिसते, पण ती प्रत्यक्षात एक म्यान असते आणि त्या म्यानात सहा बारीक अवयव एकत्र बांधल्यासारखे असतात. दोन सुया कातडी कापतात, दातेरी कडा असलेल्या दुसऱ्या दोन सुया आळीपाळीने पुढे सरकत ऊतींमध्ये पकड घेतात, एकीतून लाळ आत सोडली जाते आणि उरलेल्या पन्हळीसारख्या अवयवातून रक्त वर ओढले जाते. हा सहा सुयांचा जुडगा माणसाच्या केसाहून बारीक असतो आणि त्याची लांबी सुमारे दोन मिलिमीटर भरते. इतकी लांब आणि इतकी बारीक वस्तू कातडीवर दाबली, तर ती आत शिरण्याऐवजी मध्येच वाकायला हवी. बारीक सुई जाड कापडात टोचताना आपण तिला टोकाजवळ धरतो, कारण मागच्या टोकाला धरून दाबल्यास ती वाकते. डासाच्या सोंडेत बोटांचे हे काम म्यान करते.

लवचीक कांबीवर दोन्ही टोकांनी दाब दिला, तर ती किती दाबाला वाकेल हे तिच्या आधार नसलेल्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते, हा नियम लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला. आधार नसलेली लांबी निम्मी केली, तर कांब चौपट दाब सहन करते. डासाचे म्यान कातडीच्या पृष्ठभागावर टोक टेकवून थांबते आणि सुया आत जाऊ लागल्या की स्वतः धनुष्यासारखे मागे वाकते, पण शेवटपर्यंत सुयांना बाजूने आधार देत राहते. त्यामुळे सुयांचा उघडा, निराधार भाग प्रत्येक क्षणी अगदी आखूड असतो. शिवाय सुयांना पुढे-मागे सूक्ष्म कंप दिला जातो आणि त्यामुळे ऊतीत शिरण्यासाठी लागणारा जोर आणखी कमी होतो. एक-दोन मिलिग्रॅम वजनाचा कीटक आपल्या कातडीला भोक पाडू शकतो, तो या व्यवस्थेमुळे.

आता या व्यवस्थेच्या वाटेत हॅमॉकचे कापड ठेवून पाहू. बहुतेक हॅमॉक नायलॉनचे असतात आणि त्यांच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगितली जाते. 9000 मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. नायलॉनची घनता दर घन सेंटीमीटरला 1.14 ग्रॅम धरून हिशेब केला, तर 70 डेनियरच्या धाग्याचा व्यास सुमारे 0.09 मिलिमीटर आणि 20 डेनियरच्या धाग्याचा सुमारे 0.05 मिलिमीटर निघतो. विणीत दोन धागे एकमेकांवर येतात, म्हणजे जाड कापडाची जाडीही 0.2 मिलिमीटरच्या आतच राहते. डासाची सुई दोन मिलिमीटर लांब आहे आणि तिला लागणाऱ्या केशवाहिन्या कातडीच्या वरच्या अर्ध्या-एक मिलिमीटरमध्ये विपुल असतात. हे आकडे शेजारी ठेवले की उघड होते, की केवळ जाडीच्या बळावर हे कापड डासाला अडवू शकत नाही. अडवते ती विणीची घनता, म्हणजे दोन धाग्यांमधील आणि धाग्यातल्या तंतूंमधील फटी किती अरुंद आहेत ती गोष्ट. घट्ट विणलेले 70 डेनियरचे कापड बऱ्याच अंशी टिकाव धरते. वजन कमी करण्यासाठी वापरलेले 20 डेनियरचे तलम कापड धरत नाही. त्यातही हॅमॉकमध्ये माणूस तिरका झोपतो, त्यामुळे विणीवर तिरका ताण येतो, धागे जागचे सरकतात आणि काही फटी दुकानातल्या घडीपेक्षा मोठ्या होतात. सर्वांत हलके म्हणून जे मॉडेल विकले जाते, तेच या बाबतीत सर्वांत दुबळे असण्याचा संभव मोठा आहे, हे विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

डासाच्या सुईची मर्यादा हाच येथे आपला बचाव आहे. कापड आणि कातडी यांच्यात काही मिलिमीटरांचे अंतर राखले की ती सुई कितीही कुशल असली तरी निरुपयोगी ठरते. हे अंतर तीन प्रकारांनी मिळते. काही हॅमॉकचा तळ दुहेरी असतो आणि त्या दोन थरांमध्ये फोमची पातळ चटई सरकवता येते. चटई असली तर बचाव पक्का होतो, नसली तर दुहेरी कापडाचा काहीसा फायदा मिळतो, पण दोन्ही थर वजनाने एकमेकांना चिकटत असल्यामुळे खात्री देता येत नाही. दुसरा उपाय थंड प्रदेशातला आहे: हॅमॉकच्या खाली बाहेरून बांधायची दुलई. तिची जाडी डासाच्या आवाक्याबाहेर असते, पण एप्रिल-मे महिन्यात कोकणात ती कोणी वापरणार नाही. तिसरा उपाय म्हणजे संपूर्ण हॅमॉक आत घेणारी नळीसारखी सुटी जाळी. ती दोन्ही टोकांना दोरीने आवळली जाते आणि तळाखाली स्वतःच्या वजनाने सैल लोंबते. आपल्याकडच्या दमट, उष्ण किनारपट्टीसाठी मला हाच प्रकार सर्वांत योग्य वाटतो, कारण पाठीखाली हवा खेळती राहते आणि कापडाच्या दर्जावर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र ती जाळी मोठ्या मापाची घ्यावी. ताणून बसणारी जाळी तळाला टेकते आणि जेथे टेकते तेथे अंतर नाहीसे होते.

वरच्या बाजूलाही हाच नियम लागू आहे. जाळी नाकाला, कोपराला किंवा गुडघ्याला टेकली तर तिचा उपयोग संपतो. म्हणून हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये ठरावीक लांबीची वरची दोरी असणे आवश्यक आहे. ती जाळी तोलून धरते आणि झाडांमधील अंतर बदलले तरी हॅमॉकचा झोल एकसारखा राखते. बांधणाऱ्या पट्ट्या क्षितिजाशी साधारण 30 अंशांचा कोन करतील अशा बांधाव्यात. त्या कोनात प्रत्येक पट्टीवर झोपणाऱ्याच्या वजनाएवढाच ताण येतो. पट्ट्या ओढून कोन 10 अंशांवर आणला, तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो.

जाळीच्या छिद्रांचा प्रश्न वेगळा आहे. घरगुती मच्छरदाणीला दर चौरस इंचात साधारण 156 छिद्रे असतात, म्हणजे एका इंचाच्या ओळीत बारा-तेरा. डासांसाठी ती पुरेशी आहेत. वालुमाशी (सँडफ्लाय) ही चावणारी माशी मात्र दोन-तीन मिलिमीटर लांबीची आणि अंगाने इतकी बारीक असते, की ती या छिद्रांतून आत येऊ शकते. महाराष्ट्रात या माशीकडे दुर्लक्ष करणे बरे नाही. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात जो विषाणू सापडला आणि ज्याला त्या गावाचेच नाव मिळाले, तो वालुमाशीमार्फत पसरतो आणि मुख्यतः लहान मुलांना गाठतो. मुलांना घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांनी तर एका इंचाच्या ओळीत किमान 18 छिद्रे असलेली जाळीच घ्यावी. दुकानात जाळीवर पट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला, तर छिद्रे सहज मोजता येतात. बारीक जाळीची किंमत वाऱ्याच्या रूपाने द्यावी लागते. प्रत्येक धाग्याभोवती हवेचा एक संथ थर असतो आणि छिद्रे लहान झाली की शेजारच्या धाग्यांचे हे थर एकमेकांत मिसळून झुळूक अडवतात. आत उकडते, पण ते सहन करणे शहाणपणाचे आहे.

याउलट, ज्यांवर पैसे खर्च करू नयेत अशाही वस्तू बाजारात पुष्कळ आहेत. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डासांना पळवण्याचा दावा करणारी यंत्रे आणि मोबाइल ॲप ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रत्यक्ष मोकळ्या जागेत झालेल्या 10 चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2007 साली आढावा घेतला, तेव्हा या यंत्रांमुळे डास चावण्याचे प्रमाण कमी होत असल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. ‘रक्त गोड असलेल्याला डास जास्त चावतात’ ही समजूतही सोडून द्यावी. डास दुरून आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढतो, जवळ आल्यावर कातडीचा वास आणि उष्णता हुंगतो. रक्ताची चव त्याला सुई आत गेल्यावरच कळते. हॅमॉकमध्ये पाठीच्या कातडीची उब आणि वास तलम कापडातून थेट खाली पसरतात, हेही त्याच्या पथ्यावर पडते.

पर्मेथ्रिन या कीटकनाशकाने हॅमॉकचा तळ बाहेरून भिजवून वाळवणे हा मात्र सिद्ध झालेला उपाय आहे. हे द्रव्य कीटकाच्या चेतापेशींतील सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवते, त्यामुळे चेता अखंड संदेश सोडत राहतात आणि कीटक लुळा पडतो. याच गटातील औषध लावलेल्या मच्छरदाण्या शासन गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागांत वाटते. कपड्यांसाठी तयार केलेले द्रावणच वापरावे. शेतीच्या फवारणीचे औषध पातळ करून लावणे धोक्याचे आहे, कारण त्यातील इतर द्रावके कातडीसाठी नसतात. ओले पर्मेथ्रिन मांजरांना आणि मासे असलेल्या पाण्याला घातक असते, म्हणून हॅमॉक ओढ्यात धुऊ नये.

सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या किंवा गोव्यातील सत्तरीच्या जंगलात जाणाऱ्यांसाठी या औषधाचे महत्त्व आणखी वाढते, कारण तेथे माकडतापाचा फैलाव झालेला आहे. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने उलगडलेला हा आजार गोचिडींमुळे होतो, आणि गोचिडींची पिल्ले डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या आपल्या भटकंतीच्या हंगामात, सर्वाधिक सक्रिय असतात. गोचीड उडत नाही आणि उडी मारत नाही. ती पालापाचोळ्यात व गवतावर वाट पाहते, त्यामुळे जमिनीपासून वर झोपणे येथे खरोखर उपयोगी पडते. पण हॅमॉकमध्ये चढण्यापूर्वी माणूस त्याच पाचोळ्यातून चालत आलेला असतो. आत शिरून जाळी बंद करण्याआधी कपडे झटकावेत, पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि कंबर तपासावी, आणि बूट जाळीच्या बाहेर टांगून ठेवावेत.