सखी केंद्र वेगळं, विशेष कक्ष वेगळा

मारहाणीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला मदत करायची म्हणून आपण चटकन काहीतरी सुचवतो. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, सखी सेंटरला म्हणजे सखी केंद्रात जा, स्पेशल सेलला म्हणजे पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसते त्या विशेष कक्षात जा. सुचवणाऱ्याच्या लेखी हे सगळं एकच असतं: बायकांसाठीचं सरकारी काहीतरी. जिला जायचंय तिच्यासाठी तसं नसतं. रात्री साडेअकराला लेकरू कडेवर घेऊन निघालेली बाई विशेष कक्षाशी पोहोचली तर दाराला कुलूप असेल. आणि सासरी अडकलेले दागिने-कागदपत्रं परत मिळवायला निघालेली बाई शंभर किलोमीटरवरच्या सखी केंद्रात गेली, तर पुढचे कित्येक महिने लागणाऱ्या हेलपाट्यांना तिचे पैसेच पुरणार नाहीत. चुकीच्या दाराशी गेल्यावर दुसरं दार शोधायचं बळ प्रत्येकीत उरतंच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. म्हणून जी मागते तिला पहिल्याच खेपेला नीट पत्ता मिळाला पाहिजे.

दोन्ही व्यवस्था कशातून उभ्या राहिल्या हे पाहिलं की त्यांचा फरक आपोआप कळतो.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्या काळात हुंडाबळीच्या बातम्याही रोजच्या झाल्या होत्या. १९८३ मध्ये कायदे बदलले, कोठडीतल्या बलात्काराची वेगळी दखल घेतली गेली आणि नवरा-सासरच्यांच्या छळाबद्दलचं ४९८-अ हे कलम आलं. कायदा आला, पण तक्रार घेऊन जायचं ते त्याच पोलीस ठाण्यात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठीचा पहिला विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती आणि त्या काळी धाडसाची होती. प्रशिक्षित समाजकार्यकर्तीनं पोलीस यंत्रणेच्या आत बसायचं, पण पोलीस व्हायचं नाही. पुढे २००५ च्या सुमारास राज्य सरकारनं हे काम आपल्याकडे घेतलं आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. काही राज्यांनी हाच नमुना उचलला.

सखी केंद्राचं मूळ दिल्लीत, डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेत. त्यानंतर २०१३ मध्ये बायकांच्या सुरक्षेसाठीचा निर्भया निधी आला आणि त्यातून १ एप्रिल २०१५ पासून वन स्टॉप सेंटर ही केंद्र सरकारची योजना. तिचंच नाव सखी. अत्याचार झालेल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशक आणि निवारा यासाठी पाच ठिकाणी फिरावं लागू नये, हा तिचा गाभा. म्हणून ही केंद्रं शक्यतो रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास काढायची, चोवीस तास उघडी ठेवायची आणि गरज पडली तर बाईला पाच दिवसांपर्यंत तिथेच राहू द्यायचं, असं ठरलं. केंद्राचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पाहते. २०२२ पासून ही योजना केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या मोठ्या योजनेच्या 'संबल' भागात मोडते.

म्हणजे एक व्यवस्था रोजच्या, वर्षानुवर्षांच्या घरच्या हिंसेतून घडली आणि दुसरी एका भयंकर रात्रीतून. दोघींच्या कामाच्या पद्धतीवर तो ठसा आजही आहे. सखी केंद्र तातडीसाठी आहे. कक्ष लांब पल्ल्यासाठी.

कक्षातलं काम कसं चालतं हे स्त्रीधन परत आणण्याच्या एका कामावरूनही समजेल. अंगावरच्या कपड्यांनिशी माहेरी आलेल्या बाईचं सगळं सासरी अडकलेलं असतं. दागिने असतातच, पण त्याआधी तिला हवं असतं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा शाळेचा दाखला, शिलाई मशीन. कार्यकर्ती तिच्यासोबत बसून यादी करते. कपाट कुणी दिलं, भांडी कुठून आली, कशाची पावती आहे, काय निदान लग्नाच्या फोटोत दिसतं. मग सासरच्यांना पत्र जातं. ते पहिल्या बोलावण्याला येत नाहीत, दुसऱ्याला येतात आणि 'तिनंच सगळं नेलं' म्हणतात. पोलिसांच्या आवारातून आलेल्या पत्राला वजन असतं, ते इथे कामी येतं. अखेर ठरलेल्या दिवशी पोलीस शिपाई सोबत घेऊन त्या घरी जायचं. एकेक वस्तू टेम्पोत चढते. मिळालेल्या वस्तूपुढे खूण, न मिळालेल्यापुढे शेरा, शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या. सगळी आळी दारात उभी राहून बघत असते. त्या बाईला मान वर करून तिथे उभं राहता यावं, यासाठी आधीच्या सगळ्या भेटी झालेल्या असतात. शिलाई मशीन परत मिळालं म्हणजे कमाई सुरू झाली, आणि कमाई सुरू झाली की कोर्टाच्या तारखांना जायचं एसटीचं भाडं तरी हातात येतं.

दुसरं काम ठाण्यातलं. मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईची नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन तिला परत पाठवणं आजही सर्रास चालतं. अशी नोंद झाली की पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपासच करत नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती समजते, केस झाली. कक्षातली कार्यकर्ती ठाण्याचं कामकाज आतून ओळखते, कुठल्या अधिकाऱ्याशी काय भाषेत बोलायचं ते तिला माहीत असतं. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर व्हावा म्हणून ती मागे लागू शकते. जुन्या ४९८-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ नं घेतली आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

सखी केंद्रात कार्यकर्तीची घाई वेगळ्या गोष्टींची असते. बलात्कार झाला असेल तर घड्याळ चालू असतं. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुराव्याचे नमुने आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत घेता येतात. 'आधी ठाण्यात जाऊन पोलिसांचं पत्र आणा, मग तपासू' असं कुठलंही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, म्हणू शकत नाही. उपचार मोफत आणि तत्काळ द्यायचे, ही कायद्यानं घातलेली सक्ती आहे. अशा वेळी बाईच्या शेजारी नियम पाठ असलेलं कुणीतरी उभं असणं, हे सखी केंद्राचं सर्वांत मोठं काम. जबाब तिथेच घेतला जावा, तिला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवू नये, वकील तिथेच यावा, अशी रचना आहे. आणि रात्र काढायला खाट आहे. मुलं सोबत असतील, त्यातही मोठा मुलगा असेल, तर त्याला राहू देतील का हे आधी फोन करून विचारावं. ऐनवेळी दारात तो प्रश्न निघतो आणि मुलाला सोडून आई राहत नाही.

पाच दिवसांनंतर काय, हा सखी केंद्राचा खरा दुखरा भाग. माहेर घेत नसेल तर शक्ती सदन या सरकारी निवारागृहात जाता येतं, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतं. मुलांची शाळा, तिची धुणीभांडी किंवा शेतमजुरी, सगळं तुटतं. इथून पुढे लागते ती कक्षासारखी महिनोन्‌महिने टिकणारी सोबत. चांगल्या जिल्ह्यात सखी केंद्र कक्षाला फोन करून बाईला तिकडे जोडून देतं. जिथे दोघांची ओळखच नाही, तिथे ती मधल्या मध्ये हरवते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा दोन्हीकडे वापरला जातो आणि गोंधळ बराचसा तिथूनच होतो. २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो मुळात दिवाणी दिलासा देणारा आहे. घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो. त्यासाठीचा घरगुती घटनेचा अहवाल याच कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी भरतो आणि बाईला त्याच्यापर्यंत नेण्याचं काम सखी केंद्रही करतं, कक्षही करतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणून अर्ज कुठूनही केला तरी पाठपुरावा कोण करणार हे विचारून घ्यावं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा नंबर १५१००.

आता नावांच्या गर्दीबद्दल. भरोसा सेल ही पोलिसांची स्वतःची व्यवस्था, कर्मचारीही बहुतांशी पोलिसांचे. मुंबईतली 'दिलासा' केंद्रं महापालिकेच्या रुग्णालयांत आहेत. पहिलं केंद्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्थेच्या सोबतीनं उभं राहिलं. अंगावर वळ घेऊन केसपेपर काढायला आलेली बाई पडले म्हणून सांगते, तेव्हा तिला ओळखायचं, हे त्यांचं काम. गावातली तंटामुक्त समिती मात्र या यादीत धरूच नये. तिचा कल भांडण मिटवण्याकडे असतो, आणि मारहाण हे भांडण नव्हे. कक्षातही नवऱ्याला बोलावतात, बैठका होतात, काही बायका परत नांदायलाही जातात. पण तिथे बोलणी होतात ती बाईला काय हवं आहे त्यावर, आणि हात उचलणार नाही ही अट बोलणीच्या बाहेर असते, तिच्यावर घासाघीस होत नाही. समुपदेशनाच्या नावाखाली 'जरा समजून घे, दोन मुलं आहेत' एवढंच कानावर पडत असेल, तर पाटी कुठलीही असो, तिथून उठावं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते एक वाक्य: 'आता सखी सेंटर झालंय ना, मग कक्ष कशाला?' सखी केंद्र बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावी असतं. भामरागडच्या बाईला गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे. केंद्राची इमारत कितीही चांगली झाली तरी महिन्याला दोन हेलपाटे तिला झेपणार नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी, ठाण्याच्या आवारात, तिचं नाव ओळखणारी कार्यकर्ती लागतेच. उलट कक्ष कितीही जुना आणि अनुभवी असला तरी मध्यरात्री तो उघडा नसतो. एकाला पैसे द्यायचे म्हणून दुसऱ्याचे कापणं म्हणजे बाईचा अर्धा रस्ता उखडून टाकणं.

पैशांचं बोलायलाच हवं. या दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या बहुसंख्य बायका कंत्राटी आहेत आणि मानधन महिनोन्‌महिने रखडणं ही जुनी तक्रार आहे. अनुभवी कार्यकर्ती कंटाळून सोडून गेली की तिच्याबरोबर चालू प्रकरणांतला विश्वासही जातो. नव्या माणसासमोर बाईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. काही जणी त्यानंतर येतच नाहीत.

स्थानिक पातळीवर पैसा अगदीच नाही असं नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या निधीतून तालुक्याला समुपदेशन केंद्र चालवता येतं. हा निधी अनेकदा शिलाई मशीन वाटपात आणि मार्चअखेरच्या खरेदीत संपतो. मशीन वाईट नाही, पण बाई सासरहून तिचं मशीन परत आणू शकेल अशी सोय त्याच पैशात झाली तर जास्त टिकेल. आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांना कुठली बाई कुठे पाठवायची याचं एका दिवसाचं प्रशिक्षण, तातडीच्या प्रवासाला थोडी रक्कम, पोलीस पाटलाकडे दोन्ही ठिकाणचे नंबर. ग्रामसभेनं मनावर घेतलं तर काय होतं हे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये दाखवलं. विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव एका गावानं केला आणि सरकारला राज्यभर परिपत्रक काढावं लागलं.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात विशेष कक्ष आहे का आणि तिथे माणसं भरलेली आहेत का? जिल्ह्याच्या सखी केंद्रात रात्री फोन कोण उचलतं? संरक्षण अधिकारी कोण आणि आठवड्यातून कोणत्या वारी भेटतात? गेल्या वर्षीचे १० टक्के कशावर खर्च झाले? कक्षाचा आणि केंद्राचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. मारहाण चालू असेल तर मात्र यातलं काहीच शोधत बसू नये, सरळ ११२ लावावा. शेजाऱ्यानं लावला तरी चालतो.