रॅव्हल : गुंतवणे की सोडवणे?

'अनरॅव्हल' इंग्रजी वाचणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचं. त्याच्या पोटातलं 'रॅव्हल' मात्र एकटं क्वचितच भेटतं. सोळाव्या शतकात ते डचमधून इंग्रजीत आलं, तेव्हा रोख कापडाच्या सुटलेल्या धाग्यांकडे होता. सुटलेले धागे एकमेकांत अडकतात, म्हणून गुंतणं. तेच ओढून मोकळे करता येतात, म्हणून उसवणं. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले आणि कोशांत आजही आहेत.

खरा वाद 'मॅकबेथ'मधल्या एका ओळीवर आहे. राजाचा खून करून आलेला मॅकबेथ झोपेचं वर्णन करतो : काळजीची 'रॅव्हल' झालेली 'स्लीव्ह' विणून नीट करणारी झोप. 1623च्या छापील प्रतीत शब्द आजच्या 'बाही'सारखाच दिसतो. पण त्या काळी स्पेलिंगला धरबंध नव्हता आणि उच्चारानं अगदी सारखा असा आणखी एक शब्द होता, अर्थ कच्च्या रेशमाचे मोकळे तंतू. अठराव्या शतकात संपादकांनी हा दुसरा शब्द उचलला आणि पुढे बहुतेक आवृत्त्यांत तोच छापला गेला. बाही घेतली तर क्रियापदाचा अर्थ 'उसवलेली', रेशीम घेतलं तर 'गुंतलेलं'. संपादकांनी एक अक्षर बदललं आणि क्रियापदाची बाजूच ठरवून टाकली! रेशमाची प्रतिमा सुंदर आहे, नाही असं नाही. पण विणून दुरुस्त होते ती बाही. रेशमाचा गुंता आधी सोडवावा लागतो. छापील शब्दाला हात लावायची गरज होती असं मला तरी वाटत नाही.

'अन' हा उपसर्ग लागल्यावर सोडवण्याचं काम 'अनरॅव्हल'नं घेतलं आणि जुनं क्रियापद मागे पडलं.

ते पुन्हा रोजच्या वापरात आलं प्रोग्रॅमिंगमुळे. एपीएल या भाषेत ओळी-स्तंभांतली माहिती एका सरळ रांगेत मांडण्याच्या क्रियेला हेच नाव होतं, आणि पायथॉन भाषेसाठीच्या नमपाय या आकडेमोडीच्या साधनसंचातही आहे. तीन ओळी, चार स्तंभांचा तक्ता 'रॅव्हल' केला की बारा आकड्यांची एक रांग मिळते. म्हणजे इथे अर्थ उलगडण्याचा. मग 'अनरॅव्हल'नं काय करायचं? नमपायमध्ये ते रांगेतला क्रमांक परत तक्त्यात नेऊन बसवतं : मोजणी शून्यापासून, म्हणून 7 हा क्रमांक पडतो ओळ 1, स्तंभ 3 वर.