काल्पनिक राज्यांची उसनवारी

फँटसीतला देश नकाशावर नसतो, पण तिथली नावं, भिंती, शस्त्रं आणि रीतिरिवाज कुठल्या ना कुठल्या खऱ्या संस्कृतीकडून हातउसने घेतलेले असतात. घेणाऱ्याची त्या संस्कृतीशी ओळख किती, यावर पुढचं सारं ठरतं.

१९३२ मध्ये टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डचा कोनान हा योद्धा मासिकातून वाचकांसमोर आला. हॉवर्डला इतिहासाची जबर ओढ होती, पण कथा भराभर लिहायच्या तर सनावळीत अडकून चालणार नव्हतं. त्याने एक विस्मृत युगच रचलं. त्यातला स्टिजिया म्हणजे इजिप्त आणि वेंध्या म्हणजे भारत. विंध्याचं नाव अख्ख्या देशाला, राजधानी अयोध्या, डोंगर हिमेलियन, आणि गादीवर येणारी देवी यास्मिना, म्हणजे नाव फारसी वळणाचं. दुरून पाहिलेला देश असाच दिसतो.

टॉल्किन यांचं उलट होतं. १९२५ पासून ते ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या रोहन या घोडेस्वारांच्या राज्याच्या राजाचं नाव थेओडेन. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच ‘राजा’. त्या लोकांची दरबारी भाषा आणि शोकगीतं जुन्या इंग्रजी काव्यपरंपरेतून आली आहेत. घोडदळ मात्र लेखकाने आपल्या पदरचं घातलं, कारण १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतही इंग्रज पायीच लढले होते. इतका मोठा बदल करूनही रोहन खरं वाटतं, कारण त्याची भाषा लेखकाच्या रक्तात होती.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिन यांच्या कथेत या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. १९८१ मध्ये ते ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर उभे राहिले होते. इसवी सन १२२ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ११७ किलोमीटरची रोमन भिंत त्यांच्या कथेत ७०० फूट उंच बर्फाची झाली. सरदार घराण्यांचा कलह इंग्लंडमध्ये १४५५ पासून गादीसाठी झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’वरून घेतला आहे आणि त्यातला प्रत्येक सरदार स्वतंत्र स्वभावाचा आहे. गवताळ प्रदेशातले दोथ्राकी मात्र मंगोल, हूण आणि अमेरिकेतल्या मैदानी जमाती यांचं मिश्रण. हे घोडेस्वार चिलखताला तुच्छ मानतात आणि त्यांचं जगणं जवळपास लुटीवरच चालतं.

मला इथे मंगोलांवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. १२४५ मध्ये पोपचा दूत म्हणून निघालेल्या कार्पिनीने त्यांची चिलखतं बारकाईने वर्णिली आहेत: बोटभर रुंद लोखंडी पट्ट्या, त्यांना पाडलेली भोकं, त्यांतून ओवलेल्या चामड्याच्या वाद्या. साम्राज्यभर टप्प्याटप्प्याला ताजे घोडे तयार असत आणि परवान्याची पट्टी दाखवली की खलित्याच्या स्वाराला ते मिळत. वेगवेगळ्या धर्मांच्या पुरोहितांना करमाफी होती. कथाकाराला यातून किती सामग्री मिळाली असती! युरोपच्या वाट्याला राजकारण आलं आणि स्टेपच्या, म्हणजे त्या गवताळ प्रदेशाच्या, वाट्याला फक्त हाणामारी.

अलीकडे ही घडी बदलते आहे. २००५ च्या ‘अवतार’ या कार्टून मालिकेत चार तत्त्वांवर ताबा मिळवणाऱ्यांच्या हालचाली चार वेगळ्या चिनी युद्धकलांवर बेतल्या होत्या. पाण्यासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार. १९६६ मध्ये अमेरिकी कॉमिकमध्ये जन्मलेलं वाकांडा हे काल्पनिक आफ्रिकी राज्य २०१८ मध्ये पडद्यावर आलं, तेव्हा तिथली माणसं दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा बोलत होती. सीमेवरच्या जमातीच्या खांद्यावर लेसोथोतल्या बासोथो लोकांची लोकरी घोंगडी होती आणि लढाईत तीच त्यांची ढाल झाली.